कमरेचा पट्टा, तोंडाचा पट्टा

बाईच्या तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही, असं लोक म्हणतात. हिच्या तोंडाचा कधी सुटला नव्हता. हिच्या कमरेलाच एक पट्टा होता, आणि तो बांधलेला असेपर्यंत ती गप्प असायची. "दोन दोन पट्टे एका बाईनं कसे सांभाळायचे?" असं म्हणून ती हसायची. ते हसणं कसं बंद झालं ते सांगायचं आहे.

पट्टा म्हणजे पँटला लावतात तो नव्हे. वीतभर रुंद, जाड कातड्याचा, आतून कप्पे शिवलेले, आणि कप्प्याकप्प्यांत बॅटरीचे सेल एकाशेजारी एक बसवलेले. झोपलेलं मूल कडेवर घेतल्यावर जसं जड लागतं, तसा तो लागायचा. त्यातून पिळाची एक वायर निघायची आणि वायरच्या टोकाला मुठीचा दिवा. नवरा खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन पुढे, आणि ती पट्टा बांधून, दिवा उंच धरून त्याच्या मागे. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, निरोपसमारंभ. गावातल्या निम्म्या लोकांचे आनंदाचे चेहरे तिनं उजळले होते.

या कामात ती शिरली तीही मागच्या दारानं. आधी दिवा धरायला एक हरकाम्या होता. एके दिवशी ऐन कार्यक्रमाला तो आलाच नाही. नवरा तिला म्हणाला, "आजच्या दिवस तू बांध." तो आजचा दिवस काही मावळला नाही. मुलगा शाळेत जाऊ लागला, शाळा सोडून परगावी नोकरीला लागला, तरी आपला आजचाच दिवस.

हॉलवरची माणसं तिला पट्टेवाली म्हणायची. पट्टेवाला म्हणजे साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणारा शिपाई. मग ही पट्टेवाली कुठल्या साहेबाची? असं कुणी विचारलं की नवरा छाती काढून म्हणायचा, "आमचीच." सगळे हसायचे, तीही हसायची.

पण दिवा धरावा तर तिनंच. म्हाताऱ्या माणसावर ती उजेड एकदम टाकायची नाही, आधी छताकडे धरायची आणि पहाटेसारखा हळूहळू खाली आणायची. चष्मेवाला समोर आला की मनगट जरासं वळायचं आणि काचेवरची चकाकी जायची. टकलू पाहुण्याला दिवा डावीकडून, रडणाऱ्या आईला दुरून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चेहरे बघून बघून हातालाच कळत गेलं होतं. कॅसेटच्या शेवटी मात्र अक्षरं यायची ती अशी: कॅमेरा, पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. खाली, प्रकाश. पुढे काही नाही. बायकोचं नाव परक्यांच्या लग्नाच्या कॅसेटवर कसं घालायचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे लोक विचारायचे, "हे प्रकाश कोण? धाकटे भाऊ का तुमचे?"

आता पट्ट्याच्या जेवणाचं. पट्टा भरायला, म्हणजे चार्ज करायला, एक नियम होता. जुना पट्टा निकेलच्या सेलचा. त्याची खोड अशी की अर्ध्या पोटी असताना परत जेवायला घातलं, तर तो तेवढीच भूक धरून बसायचा. पुढच्या वेळी अर्ध्यातच मान टाकायचा. म्हणून नवऱ्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी उपास, मग जेवण." पट्टा पुरता रिकामा केल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही.

दुपारी स्वयंपाकघरात ती पट्टा ओट्यावर ठेवायची, दिवा भिंतीकडे तोंड करून लावून द्यायची आणि त्या उजेडात भाजी निवडायची. भिंतीवर आधी चुन्यासारखा पांढराफेक गोल पडायचा. मग तो पिवळट व्हायचा. विटेच्या रंगावर आला की ती बटण दाबायची. त्या दिव्याखाली तिनं किती भाजी निवडली याला हिशेब नाही. शेजारीण खिडकीतून म्हणायची, "दिवसाढवळ्या दिवा लावून अळ्या बघतेस? डोळे गेले काय गं?"

सगळ्यांचं वय होतं, पट्ट्याचंही झालं. नवरा नवीन पट्टा आणायला गेला तेव्हा तीही बरोबर होती, पण दुकानात गेली नाही. कॅमेरा स्कूटरवर एकटा सोडत नाहीत, म्हणून तो छातीशी धरून ती खाली रस्त्यावर उभी राहिली. नवरा वरून पट्टा घेऊन आला. रंग तोच, कातडं तसंच, बक्कलही तसंच. तिनं हातात घेतला आणि म्हणाली, "हा जास्त जड आहे."

"नवा आहे म्हणून वाटतोय."

नव्या वस्तूचं वजन जास्त का असावं, हे तिला कळलं नाही. पण पट्ट्यातलं त्याला कळतं, असं धरून ती स्कूटरवर बसली. घरी आल्यावर नियम तोच चालू. काम झालं की भिंतीकडे तोंड, भाजी, विटेचा रंग. त्यात नवऱ्यानं आणखी एक पुस्ती जोडली. लगेच भरून ठेवायचा नाही, पुढच्या कामाच्या आदल्या दिवशी भरायचा, म्हणजे ताजा राहतो. कामं विरळ असायची त्या दिवसांत पट्टा रिकाम्या पोटी कपाटात पडून असायचा, आणि ती अधूनमधून त्याचं कातडं मात्र तेलाच्या फडक्यानं पुसायची.

हळूहळू एक फरक पडला. चार्जरवरचा लाल दिवा हिरवा व्हायला आधी रात्र जायची. आता संध्याकाळी लावला तर जेवणं उरकायच्या आत हिरवा. तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो खूश. "नवीन मॉडेल आहे. पटकन भरतो." तिलाही वाटलं, पट्टा हुशार निघाला.

मोठ्या बाईंचा सत्कार होता. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. शाळेतून जाऊन त्यांना एक पिढी उलटली होती. बाई कधी फोटो काढू द्यायच्या नाहीत. यंदा विद्यार्थ्यांनी गळ घातली आणि त्या तयार झाल्या. हॉल ठेंगण्या छताचा, खिडक्यांवर जाड पडदे. आदल्या दिवशी तिनं पट्टा भरला, हिरवा दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, हात लावून सेलची ऊब पाहिली.

हार झाले, भाषणं झाली. मग मोठ्या बाई काठी टेकत उठल्या. सगळा हॉल एकदम गप्प. तिनं दिवा छतावरून हळूच त्यांच्या चेहऱ्यावर उतरवला. बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला मारायचे, आठवतं ना?" लोक हसले. बाईंनी हात वर केला आणि पुढचं बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात उजेड पिवळा झाला.

तिनं पट्ट्याला हात घातला. वायर दाबली, प्लग हलवून पाहिला. पिवळ्याचा विटेचा रंग झाला, विटेचा निखारा झाला, आणि निखारा विझला. बाई बोलत राहिल्या, त्यांना त्याचं काय. पण कॅमेऱ्यात नुसता काळोख आणि काळोखातून येणारा एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

नवऱ्यानं कॅमेऱ्यावरचं डोकं वर काढलं. भरल्या सभेत, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चार्ज केला नाहीस?" आणि मोठ्या बाईंचा मुलगा तावातावानं पुढे आला तेव्हा त्याच्याकडे वळून, "काय करणार साहेब, घरच्या बाईवर काम सोपवलं की असं होतं. विसरली."

कुणीतरी हसलं. त्याच्या मागून आणखी काही जण.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हिरवा दिवा तिनं पाहिला होता. ओठांपर्यंत शब्द आले होते. पण समोर बाई बोलत होत्या, आणि पट्टा कमरेला होता. ती विझलेला दिवा हातात धरून भाषण संपेपर्यंत तशीच उभी राहिली. दिवा खाली घ्यावा हेसुद्धा तिला सुचलं नाही.

हॉलच्या मागच्या पॅसेजमध्ये कामकऱ्यांचा चहा असतो. आचारी, खुर्च्या भाड्यानं देणारा, फुलवाला आणि हॉलचा मॅनेजर, ही चौकडी प्रत्येक कार्यक्रमाला तिथे असायचीच. चारचौघं म्हणतात ना, ते हेच, मोजून चार. आचाऱ्यानं तिच्या हातात कप दिला आणि म्हणाला, "वहिनी, स्वतः जेवलात आणि पट्ट्याला उपाशी ठेवलंत होय?"

नवरा बाजूलाच होता. "विसरली," तो पुन्हा म्हणाला. आता त्याच्या तोंडात तो शब्द चांगला बसला होता.

तिनं कप तसाच कठड्यावर ठेवला.

घरी आल्यावर तो सोफ्यावर टेकला आणि अगदी मायेनं म्हणाला, "पुढच्या वेळेपासून मी कॅमेऱ्यावरच एक छोटा लाइट बसवतो. तू आता घरी राहा. आराम कर."

खोटं बोलला त्याचा राग होताच. पण हा आराम तिला जास्त झोंबला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोर रेशमाचा आहे म्हणून उपकार. इतकी वर्षं ज्या कामानं तिचा खांदा उतरवला, ज्या पट्ट्यानं कमरेवर काळे वळ उठवले, ते काम एका शब्दावर जाणार होतं. आणि जाताना 'विसरली' हे बिरुद चिकटवून जाणार होतं. पुढे कुणी विचारलंच की ती बाई का येत नाही, तर उत्तर तयार होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर तिनं पट्टा पिशवीत घातला आणि बॅटरीचं दुकान गाठलं. त्या जिन्यानं ती पहिल्यांदाच वर चढत होती. दुकानदार चष्मा कपाळावर सरकवून सेलना मीटरच्या तारा लावून बघू लागला. काटा बघून त्यानं जीभ टाळूला लावून च्यक् केलं.

"वहिनी, हा रिकामा ठेवत होतात का तुम्ही?"

"रिकामा करूनच भरते. नियमच आहे."

"कुणाचा नियम?"

"यांचा."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो, तो निकेलचा नियम. हा शिशाचा पट्टा आहे. निकेलला उपास मानवतो, शिशाला नाही. काम झालं की हा त्याच दिवशी भरायचा, अर्धा उरलेला असो नाहीतर पाऊण. काम नसलं तरी मधूनमधून भरायचा. रिकामा पडून राहिला की आतल्या आत आखडतो, शिशावर पापुद्रे चढतात. मग थोडंसं घेतो आणि पोट भरलं म्हणतो."

"म्हणून हिरवा दिवा लवकर लागायचा?"

"म्हणूनच."

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग विचारलं, "हे तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. इथेच, तुम्ही उभ्या आहात तिथेच उभे होते. मला म्हणाले, मला नका शिकवू, आयुष्यभर पट्टेच झिजवलेत मी."

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "माझ्या कमरेनं झिजवलेत."

दुकानदार खाली बघून हसला, पण तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर हसू त्यानं गिळलं. सेल बदलायला पट्टा ठेवून घेतला.

जिना उतरताना तिला स्वतःचाच राग आला, आणि तो नवऱ्यावरच्या रागापेक्षा कडू होता. पट्टा मारला कुणी? तिनंच. कुणी टाकून दिलेला नव्हता तो, हयगय झालेली नव्हती. दर कामानंतर ओट्यावर ठेवून, समोर बसून, भाजी निवडत, जराशी कसर न करता तिनं तो उपाशी मारला होता. हात जड म्हणत होता, हिरवा दिवा काही सांगत होता, आणि हिनं दोन्हींचं ऐकलं नाही. नवऱ्यानं दुकानदाराचं ऐकलं नाही, आणि तिनं स्वतःचं. इतकं आज्ञाधारक असायची गरज काय होती? रस्त्यात एका स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला, तर ती त्याच्याकडे अशी वळली की बिचाऱ्यानं हॉर्नवरचा हात काढला.

संध्याकाळी नवरा आला. ती ओट्याशी उभी होती. चहाही टाकला नव्हता.

"पट्टा शिशाचा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दुकानदारानं तुम्हाला सांगितलं होतं. उपाशी ठेवू नका म्हणून."

त्यानं चप्पल काढायला नको तेवढा वेळ लावला. मग म्हणाला, "असेल सांगितलं. गडबडीत होतो. आता काय त्याचं?"

"मी विसरले नव्हते."

"बरं, नव्हतीस. माझी चूक. झालं?"

"कुठे झालं?"

"अगं, चूक म्हणतोय ना."

"कुणाला म्हणताय?"

"तुलाच म्हणतोय, आणि कुणाला?"

"मला तर माहीतच आहे," ती म्हणाली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या."

"आता दवंडी पिटू काय गावात?"

"पिटा."

"लोक विसरले असतील."

"लोक विसरत नाहीत. मी विसरते ना?"

त्यानं रेडिओ लावला आणि बातम्या ऐकत बसला. त्या दिवसापासून घरात कामापुरते शब्द. मीठ, पाणी, किल्ली. सेल बदललेला पट्टा घरी आला. तिनं तो न विचारता चार्जरला लावला, आणि तसाच भरलेला ठेवला. त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कॅमेऱ्यावर त्यानं छोटा लाइट बसवला होता. घरातच तिचं चित्र घेऊन बघितलं. चेहरा पापडासारखा सपाट, आणि डोळे रस्त्यात मोटारीच्या उजेडात सापडलेल्या सशासारखे.

"असंच दिसतं का गं?" त्यानं विचारलं.

"मी आराम करतेय," ती म्हणाली.

पुढचं काम त्याच हॉलमध्ये, एका लग्नाचं. स्टेज खोल, आणि छोट्या लाइटचा उजेड पहिल्या रांगेपलीकडे जाईना. हे त्याला आदल्या दिवशी हॉल बघून आल्यावर कळलं. सकाळी कॅमेऱ्याची बॅग भरता भरता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "आजच्या दिवस चल."

आजच्या दिवस. तिच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरातच टेकलं. इतक्या वर्षांनी परत तेच, जणू ती काल आली होती आणि उद्या जाणार होती. पण तिनं नाही म्हटलं नाही. पट्टा उचलला, बांधला, बक्कल नेहमीपेक्षा घट्ट ओढलं.

पॅसेजमध्ये चहा चालू होता. आत पाहुणे बसत होते, खुर्च्यांचे पाय घासल्याचा आवाज येत होता. आचाऱ्यानं दोघांना कप दिले, आणि त्याला राहवलं नाही.

"काय वहिनी, आज आठवणीनं जेवू घातलंत ना?"

नवरा हसला.

फार नाही, नाकातल्या नाकात. आचाऱ्याच्या बोलण्यानं तिचं काही गेलं नसतं. पण ओट्याशी चूक कबूल केलेला माणूस इथे परत हसतो, हे तिला बघवलं नाही. तिनं कप खाली ठेवला, दिवा उचलला, आणि बटण दाबून सरळ त्याच्या तोंडावर धरला. हळूहळू उतरवला नाही, छतावरून आणला नाही. एकदम.

त्यानं डोळे मिटले. "अगं, काय करतेस?"

"उजेड करतेय. बोला."

"बंद कर. पट्टा उतरेल."

"उतरू दे. भरलाय मी तो, माझ्या पद्धतीनं. बराच वेळ पुरेल."

खुर्च्यावाला भिंतीला सरकला. फुलवाला हातातली माळ तशीच धरून बघत राहिला. मॅनेजर दारातून डोकावला, "अहो, नवरी येतेय, आत या ना."

"आलोच," नवरा म्हणाला आणि एक पाऊल टाकलं. दिवाही त्याच्याबरोबर एक पाऊल सरकला. चेहऱ्यावरून हलला नाही.

"काय बोलू मी?"

"ओट्याशी बोललात ते."

"इथे?"

"इथेच बोलला होतात."

त्यानं डोळ्यांवर हात धरला. कपाळावर घाम चमकू लागला. त्या उजेडात माणसाचं काही लपत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी पट्ट्यात गडबड होती."

"पट्ट्यात?"

"म्हणजे..." त्यानं आचाऱ्याकडे पाहिलं, पण उजेडामुळे त्याला समोरचं कुणीच दिसत नव्हतं. "पट्टा वेगळ्या जातीचा होता. दुकानदारानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हिनं चार्ज केलेला होता."

"पुढे?"

"आणि मी हिच्यावर ढकललं."

आचारी कपाच्या तळाशी काहीतरी शोधत होता. मग तो हळूच म्हणाला, "चुकलं आमचं, वहिनी." त्याला कुणी माफी मागायला सांगितली नव्हती.

तिनं बटण दाबलं. पॅसेज एकदम काळोखा झाला, आणि थोड्या वेळानं सगळ्यांना एकमेकांचे चेहरे परत दिसू लागले. नवरा डोळे चोळत होता.

"झालं समाधान?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आत चला. त्या मुलीचा काही गुन्हा नाही."

आणि ती त्याच्या आधी आत गेली. त्या लग्नाची कॅसेट अजून नवरीच्या घरात आहे. तिच्यात नवरी दारातून येते तो सुरुवातीचा उजेड बारीक थरथरतो. भिंतीवरच्या सावल्याही थरथरतात. घरची माणसं पाहुण्यांना सांगतात की हॉलचा पंखा खराब होता. पंखा चांगला होता. तो राग होता तिचा, मनगटातून दिव्यात उतरलेला, आणि नवरी स्टेजवर चढेपर्यंत तो काही तिला आवरता आला नाही.